कोल्हापूरचा चित्रपट आणि कोल्हापुरातले चित्रीकरण

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा विषय निघाला की बोलणे थोड्याच वेळात जागेवर येऊन थांबते. जयप्रभा स्टुडिओचे पुढे काय होणार, शालिनी स्टुडिओच्या भूखंडाचे काय, मोरेवाडीच्या चित्रनगरीत यंदा कोणता नवा सेट उभा राहिला, या प्रश्नांभोवती सभा होतात, निवेदने दिली जातात आणि निवडणुका आल्या की आश्वासनेही मिळतात. २०२२ मध्ये जयप्रभाच्या विक्रीची बातमी फुटली तेव्हा शहरातले कलावंत आणि तंत्रज्ञ साखळी उपोषणाला बसले. त्यांच्या रागात खोटे काही नव्हते. ज्या आवारात दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी आयुष्य काढले त्या आवाराची उद्या काय अवस्था होईल ही भीती कोणाही कोल्हापूरकराला वाटणारच. तरीही वास्तू वाचवणे हे एक काम आहे आणि उद्योग उभा करणे हे दुसरे, आणि पहिले काम पुरे झाले की दुसरे आपोआप होईल अशी जी समजूत आपण करून घेतली आहे तिला आधार नाही.

माझे म्हणणे असे आहे की कोल्हापूरसारख्या शहरात चित्रपटाचा धंदा टिकाऊपणे रुजायचा असेल तर त्याची सुरुवात मोठ्या व्यावसायिक निर्मितीला सवलती देऊन होणार नाही. ती कमी खर्चाच्या, इथल्या माणसांच्या बोलीतल्या आणि लेखनापासून ध्वनिमिश्रणापर्यंत इथेच पुऱ्या होणाऱ्या कलात्मक चित्रपटापासून होईल. हे अनेकांना उलटे वाटेल, कारण आपल्याकडची रूढ समजूत अशी की आधी धंदा स्थिरावतो, त्यात चार पैसे सुटतात, आणि मग त्या पैशांतून कोणी हौशी माणूस कलेच्या नादी लागतो. कलात्मक चित्रपट म्हणजे भरल्या पोटाचा उद्योग, असे या समजुतीचे सार आहे.

या शहराचा स्वतःचा इतिहास ही क्रमवारी मान्य करत नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवत होते, तेव्हा कोल्हापुरात चित्रपटाचा धंदा म्हणून काही नव्हतेच. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि कॅमेरा मिळत नाही तर तो घडवायचा, अशा हट्टाने त्यांनी काम सुरू केले. आनंदराव १९१६ मध्ये वारले; पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, तिला तानीबाई कागलकर या गायिकेने पैसे पुरवले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या संस्थानात तिला आश्रय मिळाला. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात लागला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, ही गोष्ट आपण भाषणांतून नेहमी सांगतो. सांगत नाही ती गोष्ट पुढची आहे. त्याच कंपनीने, त्याच माणसांकडून, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपटे यांची कथा, सावकाराच्या तावडीत सापडून जमीन गमावणारा आणि शेवटी गिरणीत मजुरी करायला मुंबई गाठणारा शेतकरी, आणि त्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. पौराणिक कथा आणि ऐतिहासिक शौर्य यांना सरावलेल्या त्या काळच्या प्रेक्षकाने त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. आज मात्र भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ सांगताना अभ्यासक याच चित्रपटाकडे बोट दाखवतात.

यातून मी काढतो तो निष्कर्ष बाबूरावांच्या थोरवीचा नाही. ती कोणी नाकारलेली नाही. मुद्दा असा की महाराष्ट्र फिल्म कंपनीत कलेचा विभाग वेगळा आणि धंद्याचा विभाग वेगळा असे काही नव्हते. तो एक कारखाना होता, त्यात सुतारकाम, रंगकाम, छायाचित्रण, फिल्म धुणे, पोस्टर रंगवणे हे सारे एका आवारात चालत असे, आणि ‘सैरंध्री’चा सेट लावणारे हातच ‘सावकारी पाश’मधली झोपडी उभी करत होते. त्या कंपनीचे चित्रपट जवळजवळ सगळे काळाच्या ओघात नष्ट झाले. टिकली ती तिथे तयार झालेली माणसे. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर ही चौघे तिथून बाहेर पडली आणि सीतारामपंत कुलकर्णी या सराफांना पाचवे भागीदार करून त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. एका लहान शहरात जुळलेल्या कारागिरांच्या एका गटाने दहा-बारा वर्षांत देशातली एक अग्रगण्य चित्रसंस्था उभी केली. उद्योगाचा विकास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मग तो गेला कुठे, हा प्रश्न उरतो. प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ मध्ये कोल्हापुरात केला आणि पुढच्याच वर्षी बिऱ्हाड पुण्याला हलवले. (त्या पुण्याच्या आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, कोल्हापूरच्या मुलाला चित्रपट शिकायचा असला तर तो आज प्रवेशपरीक्षा देऊन तिथेच जातो.) मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये इथे हंस पिक्चर्स काढली, वि. स. खांडेकरांकडून ‘छाया’ लिहून घेतला, आणि तेही कालांतराने मुंबईला गेले. राहिले ते भालजी. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा भस्मसात झाला, तरी त्यांनी तो पुन्हा उभारला आणि तिथूनच चित्रपट काढत राहिले.

जाण्याची कारणे वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी असली तरी त्यांच्यामागे एक समान कारण तंत्राचे होते. मूकपट घरच्या घरी होत असे. बोलपटाला ध्वनिमुद्रणाची महागडी यंत्रे लागू लागली आणि भांडवलाची भूक वाढली. पुढे रंगीत फिल्म आली, तेव्हा ती धुण्याची प्रयोगशाळा मुंबईत किंवा मद्रासला. रिळांचे डबे तिकडे पाठवायचे म्हणजे त्यांच्या मागोमाग संकलक, छायालेखक आणि निर्मातेही तिकडेच जायचे. साठ आणि सत्तरच्या दशकांत कोल्हापुरात ग्रामीण आणि तमाशाप्रधान चित्रपटांचा धंदा जोरात होता, नट इथले, गीतकार इथले, घोडे आणि बैलगाड्यासुद्धा इथल्या. पण एकच साचा पुन्हा पुन्हा वापरल्याने तो झिजला, आणि रंगीत चित्रपटाचा खर्च झेपेना तेव्हा त्या धंद्याला नवे काही सुचवू शकेल असा माणूस आसपास उरला नव्हता. या काळातल्या चित्रपटांना सरसकट हिणवण्याची फॅशन मला मान्य नाही. १९६५ चा भालजींचा ‘साधी माणसं’ पाहावा. लोहारकाम करणाऱ्या जोडप्याची गोष्ट, मोजका खर्च, नावाप्रमाणे साधी मांडणी. आज तो कोणी काढला असता तर महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला कलात्मक चित्रपट म्हटले गेले असते.

आता तंत्राचे हे कारण संपले आहे. डिजिटल कॅमेरा आला, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा इतिहासजमा झाली, आणि राजारामपुरीतल्या एखाद्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे संकलन करता येते. ज्या गोष्टीने प्रभातला आणि तिच्यामागून इतरांना गाव सोडायला लावले ती गोष्ट उरली नाही, तरी गेलेला उद्योग परतलेला नाही. म्हणजे अडचण यंत्रांची नाही, आणि म्हणूनच ती स्टुडिओच्या भिंतींचीही नाही.

अडचण कुठे आहे हे पाहायला चित्रनगरीकडेच वळावे लागेल. राज्य सरकारने ऐंशीच्या दशकात मोरेवाडीला तिची स्थापना केली, पुढे कित्येक वर्षे ती ओसाड पडली, आणि गेल्या दशकात तिची डागडुजी होऊन तिथे वाडा, चौक, पोलीस चौकी असे तयार सेट उभे राहिले. मालिकांची आणि चित्रपटांची युनिट्स येऊ लागली. करवीर तालुक्यातल्या वसगडे गावातला एक वाडा तर एका लोकप्रिय मालिकेमुळे इतका प्रसिद्ध झाला की लोक गाड्या करून तो पाहायला जात. यामुळे लॉजवाल्यांना, जेवण पुरवणाऱ्यांना, गाडीवाल्यांना आणि गर्दीत उभ्या राहणाऱ्या कलाकारांना रोजगार मिळाला, तो खरा आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण युनिट येते, तीस-चाळीस दिवस राहते आणि जाते. संहिता आधीच मुंबईत मंजूर झालेली असते, संकलन, ध्वनी आणि रंगसंस्करण नंतर मुंबईत व्हायचे असते, आणि वाहिनीने मालिका बंद करायचे ठरवले की इथल्या स्पॉटबॉयपासून रंगभूषाकारापर्यंत सगळ्यांना दुसऱ्या दिवसापासून काम नसते. कोल्हापूर इथे स्थळ पुरवते, माणूसबळ पुरवते, तांबडा-पांढरा रस्सा पुरवते. निर्णय पुरवत नाही. चित्रीकरणाचे दिवस मोजून त्यालाच उद्योगाची वाढ म्हणण्याची सरकारी पद्धत त्यामुळेच फसवी आहे.

हीच गोष्ट कथांच्या बाबतीत अधिक टोचते. हा जिल्हा गोष्टींच्या बाबतीत कधीच दरिद्री नव्हता. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, कागलचे आनंद यादव, गडहिंग्लज परिसरातले राजन गवस, अलीकडे ‘रिंगाण’साठी २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले कृष्णात खोत ही नावे सहज तोंडावर येतात. यादवांच्या ‘नटरंग’वरचा चित्रपट २०१० मध्ये आला आणि राज्यभर गाजला. गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागरांची कथा यांच्या आधाराने २००९ चा ‘जोगवा’ उभा राहिला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. दोन्ही चित्रपटांबद्दल मला आदर आहे. पण या मातीतून निघालेला कच्चा माल बाहेर जातो, त्यावरची सगळी प्रक्रिया बाहेर होते, आणि आपण तयार माल तिकीट काढून विकत घेतो. ऊस आपला आणि साखर कारखाना दुसऱ्याचा, अशी स्थिती या जिल्ह्याने शेतीत कधी सहन केली नसती.

आता कलात्मक चित्रपटच का, या प्रश्नाकडे येतो. त्याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधण्याआधी हिशेबात शोधावे असे मला वाटते. व्यावसायिक चित्रपटाचा मोठा खर्च ज्या गोष्टींवर होतो त्या गोष्टी कोल्हापुरात नाहीत आणि येणारही नाहीत: नामवंत नटांचे मानधन, जाहिरात, वितरणाची हमी, वाहिनीशी होणारा हक्कविक्रीचा करार. हा खर्च मुंबईत होतो आणि मुंबईतच राहतो. कलात्मक चित्रपटाचा खर्च वेळेवर होतो. दोन-दोन वर्षे चालणारे लेखन, ज्यांनी कधी कॅमेरा पाहिलेला नाही अशा माणसांबरोबरच्या महिनोन्महिने चालणाऱ्या तालमी, सात-आठ महिन्यांचे संकलन, जिथे चित्रीकरण झाले त्याच गावातले आवाज पुन्हा जाऊन टिपणे. कमी माणसे आणि जास्त दिवस, असा त्याचा आकार असतो. मुंबईत दिवस महाग आहे. कोल्हापुरात तो परवडतो. लहान शहराकडे असलेली एकमेव आर्थिक सवलत म्हणजे तिथला स्वस्त वेळ, आणि तिचा उपयोग करून घेणारा चित्रपटाचा प्रकार हाच आहे. शिवाय अशा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रकाला भुदरगडची बोली आणि शिरोळची बोली यांतला फरक कानाने कळावा लागतो, म्हणजे स्थानिक असणे ही इथे अडचण न ठरता पात्रता ठरते. दोन वर्षे एका कामावर टिकलेला तंत्रज्ञ तिसऱ्या वर्षी दुसऱ्याला शिकवू शकतो. चाळीस दिवसांच्या युनिटमधून असा शिक्षक तयार होत नाही.

यावर पहिला आक्षेप प्रेक्षकाचा येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. असले चित्रपट पाहतो कोण? पुरस्कार मिळतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, शुक्रवारी चित्रपट लागतो आणि पुढच्या गुरुवारच्या आत उतरतो. हे वर्णन चुकीचे नाही. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी २००४ मध्ये ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि तिथून मराठीत नवे वारे आले असे आपण म्हणतो, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनीही तो मान मिळवला. पण यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला जिल्ह्याच्या ठिकाणी किती खेळ आले आणि ते कोणत्या वेळेला, हा प्रश्न विचारला की उत्साह ओसरतो. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मुख्य वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करायचे ठरवले, त्यावर मोठा वाद झाला, आणि अखेर मुख्य वेळ म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ अशी व्याख्या झाली. दुपारी बाराच्या खेळाला नोकरदार माणूस कसा येणार, हे विचारायचे राहूनच गेले.

म्हणून प्रेक्षक नाही हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पडदा नाही हे त्याचे उरलेले अर्धे. कोल्हापुरात एके काळी चित्रपटगृहांची रेलचेल होती. त्यांपैकी कित्येक बंद पडली, काहींची नावे आता चौकांना उरली आहेत. रिक्षावाल्याला व्हीनस कॉर्नर किंवा उमा टॉकीज सांगणाऱ्या आजच्या तरुणाच्या मनात पडद्याचा विचार येत नाही. मल्टिप्लेक्सचे गणित तिकिटाइतकेच पॉपकॉर्नवर चालते, आणि चाळीस माणसे मन लावून पाहतात तो खेळ त्या गणितात तोट्याचा ठरतो. अशा स्थितीत कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीने शाहू स्मारक भवनात जगभरचे चित्रपट दाखवण्याचा आणि आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवण्याचा जो उद्योग चालवला आहे त्याचे मोल मोठे आहे. मात्र ते काम थोड्या माणसांच्या चिकाटीवर चालते, आणि महोत्सव संपला की शहर पुन्हा पूर्ववत होते. जे वर्षातून आठवडाभर घडते ते दर शनिवारी घडले पाहिजे. त्यासाठी ऐंशी-शंभर खुर्च्यांचा, चांगल्या ध्वनीचा आणि माफक तिकिटाचा एक कायमचा पडदा शहरात असावा, आणि तसेच लहान पडदे इचलकरंजीत, गडहिंग्लजमध्ये, गारगोटीत असावेत. स्टुडिओच्या मागणीच्या कितीतरी आधी मी ही मागणी ठेवीन.

हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा आपल्या शेजारच्या राज्यातच आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या सुपारीच्या बागांच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९७३ मध्ये चित्रपट मंडळ काढले आणि जगातले अभिजात चित्रपट शेतकऱ्यांना दाखवायला सुरुवात केली, मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो पुढे १९९१ मध्ये. केरळात अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या मित्रांनी १९६५ मध्ये ‘चित्रलेखा’ ही फिल्म सोसायटी स्थापन केली. प्रेक्षक आधी, मग निर्मिती, असा त्यांचा क्रम होता. अडूर यांचा पहिला चित्रपट ‘स्वयंवरम्’ आला १९७२ मध्ये. मधल्या वर्षांत केरळभर अशा सोसायट्यांचे जाळे पसरले. पुढे राज्य सरकारच्या चित्रपट महामंडळाने स्वतःची चित्रपटगृहे चालवली, स्त्री दिग्दर्शकांच्या आणि अनुसूचित जाती-जमातींतील दिग्दर्शकांच्या चित्रपटांना दीड-दीड कोटी रुपये देण्याची योजना आणली, आणि २०२४ मध्ये स्वतःचा ओटीटी मंचही सुरू केला. आज मल्याळम व्यावसायिक चित्रपटाचे देशभर कौतुक होते, तेव्हा त्याची पटकथा घट्ट का असते आणि दुय्यम नटही खरा का वाटतो याचे श्रेय मी त्या साठ वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांना देतो. चांगला प्रेक्षक तयार झाला की धंदेवाईक निर्मात्यालाही वाईट काम खपवणे अवघड जाते.

पैशाचा प्रश्न राहतो. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते, आणि त्या योजनेने अनेक चांगल्या निर्मात्यांना हात दिला हे मान्य करूनही तिच्यात एक मूलभूत उणीव आहे असे म्हणावे लागते: पैसे चित्रपट पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतात. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत किंवा ज्याला व्याजाने पैसे उभे करता येतात त्यालाच ती उपयोगी पडते. गारगोटीच्या एखाद्या शिक्षकाच्या मुलीने पटकथा लिहिली तर तिला गरज असते ती पहिल्या रुपयाची. फ्रान्सने १९४८ पासून तिकिटांवर छोटा कर बसवून त्यातून चित्रपटनिर्मितीला साहाय्य केले आणि १९५९ पासून नव्या पटकथांना आगाऊ रक्कम देण्याची पद्धत घातली. स्वीडनने १९६३ मध्ये पंचवीस टक्क्यांचा करमणूक कर रद्द केला, त्याऐवजी दहा टक्के रक्कम चित्रपट संस्थेकडे वळवली, आणि तिचे वाटप करताना काही भाग गल्ल्यानुसार, काही भाग गुणवत्तेनुसार ठेवला. गल्ला आणि गुणवत्ता यांना एकाच तिजोरीतून पैसे मिळावेत ही यातली कल्पना मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिने धंदेवाईकाला आणि कलावंताला एकमेकांचे शत्रू होऊ दिले नाही. आपल्याकडे २०१७ पासून करमणूक कराची जागा जीएसटीने घेतली आहे आणि त्यातला अर्धा वाटा राज्याचा असतो. एखादा चित्रपट राजकीय सोयीने करमुक्त करण्यापेक्षा जिल्ह्यात विकल्या गेलेल्या तिकिटांवरच्या या वाट्याचा एक अंश जिल्ह्याच्याच चित्रपट निधीत जमा करावा, असा आग्रह कोल्हापूरच्या लोकप्रतिनिधींनी धरायला काय हरकत आहे? अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. तिथल्या निवडणुकांत जितकी ऊर्जा खर्ची पडते तिचा थोडा भाग या मागणीला मिळाला तरी पुरे.

पण सगळे सरकारवर टाकणे या जिल्ह्याला शोभत नाही. ज्या जिल्ह्याने दूध, साखर, सूत आणि पतपुरवठा यांचे सहकारी संघ उभे केले त्याला भागभांडवल म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ मध्ये आला तो गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिल्यामुळे. २०२४ मध्ये त्याची पुनःसंस्कारित प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांच्या ‘ओडेसा’ मंडळाने केरळच्या गावोगाव फिरून, चित्रपट दाखवून आणि वर्गणी गोळा करून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ पुरा केला. गोकुळ दूध संघाच्या संकलन केंद्रावर रोज सकाळी रांगेत उभे राहणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यात अशी चित्रपट सहकारी संस्था निघू शकत नाही असे मला वाटत नाही. दहा हजार सभासदांनी हजार-हजार रुपयांचा एक भाग घेतला तर एक कोटी होतात, आणि वेळ जिथे स्वस्त आहे त्या शहरात या रकमेत एक चांगला चित्रपट पुरा होऊन दुसऱ्याचे लेखनही सुरू होईल. शिवाय सभासद हा तयार प्रेक्षक असतो. ज्या चित्रपटात आपला भाग आहे तो पाहायला तो सहकुटुंब येतो.

याच ठिकाणी खरी अडचण सुरू होते आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘मंथन’मध्ये दूध उत्पादकांचा सामना खाजगी डेअरीवाल्याशी होता, पैसे देणाऱ्या संघटनेच्या अंगाला त्यात काही लागत नव्हते. मराठीत मात्र ‘सामना’ने १९७४ मध्ये साखर कारखानदारीच्या सत्तेवरच बोट ठेवले, आणि तो चित्रपट कोणा कारखान्याच्या भागभांडवलातून झाला नव्हता. उद्या कोल्हापूरच्या एखाद्या दिग्दर्शिकेने ऊसतोड मजुरांच्या टोळीवर, पंचगंगेत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर, किंवा तालीम मंडळांच्या राजकारणावर पटकथा आणली, तर सहकारी संस्थेचे संचालक मंडळ तिला पैसे देईल का? आणि दिले तरी संकलनाच्या टेबलावर येऊन अमुक दृश्य गाळा असे सांगणार नाही, याची खात्री कोण देईल? तानीबाईंनी पैसे दिले तेव्हा त्या बाबूराव या एका माणसावरच्या विश्वासावर दिले. दहा हजार सभासदांच्या संस्थेत तसा विश्वास गृहीत धरता येत नाही, तो लिहून ठेवावा लागतो. म्हणून माझी सूचना अशी की अशा संस्थेच्या पोटनियमांत पहिल्याच दिवशी तीन गोष्टी असाव्यात. पटकथांची निवड संचालकांनी न करता बाहेरच्या लेखक-दिग्दर्शकांच्या समितीने करावी आणि ती समिती दर दोन वर्षांनी बदलावी. पटकथा एकदा मंजूर झाली की अंतिम संकलनाचा अधिकार पूर्णपणे दिग्दर्शकाचा राहावा. आणि चालू साखर कारखान्याचा, दूध संघाचा किंवा बँकेचा कोणताही पदाधिकारी या संस्थेत संचालक होऊ शकणार नाही. तिसऱ्या नियमाला सर्वांत जास्त विरोध होईल. तो आधी मंजूर करून घ्यावा आणि मगच भाग विकायला काढावेत.